विंडोजवरचा थंडरबर्ड लिनक्सवर हलवताना

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे, दुकानांतले, छोट्या कार्यालयांतले कितीतरी धडधाकट संगणक अडचणीत आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची यंत्रणा लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. नीट चालणारं यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली (तिचे मिंट किंवा उबंटू हे प्रकार) टाकणं मला केव्हाही रास्त वाटतं. फोटो, पीडीएफ, हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या की झालं. गाडी अडते ती मेलपाशी. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधले मेल डॉक्युमेंट्समध्ये नसतात, डेस्कटॉपवर नसतात. ते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. हे ठाऊक नसताना कुणी डिस्क फॉरमॅट केली, तर दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार एका झटक्यात जातो.

दिलासा असा की विंडोज असो, लिनक्स असो की मॅक, थंडरबर्ड आपली सगळी माहिती सारख्याच पद्धतीने ठेवतो. त्यामुळे कुठलंही रूपांतर करावं लागत नाही. एक फोल्डर जसाच्या तसा उचलायचा आणि दुसरीकडे योग्य जागी ठेवायचा. थंडरबर्डचे मेल हलवून देण्यासाठी पैसे मागणारी सॉफ्टवेअरं इंटरनेटवर दिसतील, ती घेऊ नका. त्यांची गरजच नाही, आणि आपला सगळा पत्रव्यवहार अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं कारणही नाही.

आधी बघा, मेल राहतात कुठे

थंडरबर्डमध्ये वर उजवीकडे तीन आडव्या रेघांचं बटण आहे. ते दाबून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा आणि प्रत्येक खात्याखालच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'सर्व्हर टाइप'समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे आयमॅप असेल किंवा पॉप. पुढे काय करायचं, कशाला किती जपायचं, ते या एका शब्दावर ठरतं.

आयमॅप असेल तर मूळ मेल सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात; तुमच्या संगणकावर असते ती त्यांची प्रत. नव्या संगणकावर खातं जोडलं की इनबॉक्स, सेंट, सगळे फोल्डर आपोआप उतरतात. पॉप असेल तर उलट. पॉप मेल उतरवून घेतो, आणि 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरची प्रत काढूनही टाकतो. मग तो मेल जगात एकाच ठिकाणी उरतो: तुमच्या डिस्कवर. स्वतःच्या डोमेनचा ईमेल वापरणारे व्यापारी, सीए, छापखाने, शाळा यांच्याकडे हे फार आढळतं. पूर्वी होस्टिंगवाल्याने (सर्व्हर भाड्याने देणाऱ्याने) दिलेली जागा इवलीशी असायची, म्हणून कुणीतरी पॉप लावून दिलं आणि ते तसंच चालू राहिलं. अशा खात्याचं बाड हलवताना जराही घाई करू नका.

खाती फक्त आयमॅपची असली तरी डावीकडच्या यादीच्या तळाशी 'लोकल फोल्डर्स' असतो, तो उघडून बघा. सर्व्हरवरची जागा भरली म्हणून जुने मेल ओढून तिथे टाकायची सवय अनेकांना असते. ते मेल सर्व्हरवर नसतात. ॲड्रेस बुक, मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत टाकणारे फिल्टर, सह्या आणि संगणकावरच ठेवलेलं कॅलेंडर हेही सर्व्हरवर नसतं.

त्याच 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या पानावर अगदी खाली 'लोकल डिरेक्टरी' नावाची चौकट आहे. तिथला पत्ता सी ड्राइव्हवरच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमधला असेल तर ठीक. पण आपल्याकडे 'सी उडाला तरी डी वाचतो' म्हणून मेल डी ड्राइव्हवर हलवायची जुनी रीत आहे. पत्ता डी ड्राइव्हचा दिसला, तर तो फोल्डर वेगळा घ्यावा लागेल. कागदावर लिहून ठेवा.

विंडोजवरची तयारी

'हेल्प'मधल्या 'अबाउट थंडरबर्ड'मध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा टिपून घ्या. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंग्ज असलेला तो फोल्डर, जुनी आवृत्ती उघडत नाही. नवं प्रोफाइल बनवा नाहीतर बाहेर पडा, असा संदेश देऊन ती थांबते. विंडोजवर आता सहसा दर महिन्याला येणारी नवी आवृत्ती बसते, तर लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारात बऱ्याचदा वर्षभर टिकणारी ईएसआर आवृत्ती असते आणि तिचा आकडा मागे असू शकतो. लिनक्सवरचा आकडा विंडोजवरच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. लहान असेल तर थंडरबर्डच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून लिनक्सची ताजी आवृत्ती उतरवून घ्या. ही तपासणी डिस्क पुसण्याआधी करा, नंतर नव्हे. मिंट आणि उबंटू दोन्ही पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता सुरू करून बघता येतात.

मग थंडरबर्ड पूर्ण बंद करायचा. पण बंद करण्याआधी 'हेल्प'मधून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. त्या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे 'ओपन फोल्डर' हे बटण. ते दाबलं की हवा तोच फोल्डर समोर येतो. ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स अशी पायपीट करायला नको, आणि दोन-तीन प्रोफाइलं असली तरी चुकीचं उचललं जात नाही. खिडकी तशीच उघडी ठेवा आणि आता थंडरबर्ड बंद करा. तो चालू असताना केलेली कॉपी अर्धवट होऊ शकते, कारण तेव्हा तो स्वतः त्याच फाइलींमध्ये लिहीत असतो.

फोल्डरमध्ये काय दिसतं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. 'मेल' नावाच्या फोल्डरमध्ये पॉपची खाती आणि लोकल फोल्डर्स, 'आयमॅपमेल'मध्ये आयमॅपच्या प्रती. 'मेल'मधलं एखादं खातं उघडलं की इनबॉक्स नावाची एक फाइल दिसेल. तिला एक्स्टेन्शन नाही, चित्र कोरं, आणि आकार कदाचित दोन-तीन जीबी. हाच तुमचा इनबॉक्स. सगळे मेल त्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत एकाखाली एक लिहिलेले असतात. तिच्याशेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते. ती नुसती अनुक्रमणिका, हरवली तरी थंडरबर्ड नवी करतो. शेवटी एसबीडी असलेल्या फोल्डरमध्ये इनबॉक्सच्या पोटातले उपफोल्डर असतात. 'ही कोरी फाइल कशाची, राहू दे' म्हणून नेमकी मेलची फाइल मागे ठेवून नुसती अनुक्रमणिका कॉपी करणारे लोक असतात. म्हणून निवडत बसू नका, सगळं घ्या.

पासवर्डसाठी दोन फाइली लागतात, लॉगिन्स नावाची जेसन फाइल आणि की-४ नावाची डीबी फाइल. दोन्ही असल्या तरच पासवर्ड उघडतात. पॉपस्टेट नावाची एक छोटीशी फाइल प्रत्येक पॉप खात्याच्या फोल्डरमध्ये असते. कोणते मेल आधी उतरवले, त्याची नोंद तिच्यात असते. सर्व्हरवर प्रती ठेवणाऱ्यांची ही फाइल हरवली, तर जुने सगळे मेल पुन्हा उतरतात आणि इनबॉक्समध्ये प्रत्येकाची जोडी तयार होते. सोडायचीच असेल तर फक्त एक फाइल सोडता येईल: ग्लोबल-मेसेजेस-डीबी. ती शोधासाठीची सूची आहे, कधीकधी एक-दोन जीबीची होते आणि नव्या जागी आपोआप पुन्हा बनते.

थंडरबर्डच्या 'टूल्स' मेनूत 'एक्सपोर्ट' आहे आणि तो सगळं प्रोफाइल एका झिप फाइलीत बांधून देतो. लिनक्सवर 'इम्पोर्ट'ने ती फाइल उघडायची. प्रोफाइल लहान असेल तर खुशाल हा रस्ता धरा. पण २ जीबीच्या वर ते काम होत नाही, आणि ज्यांना खरी काळजी असते त्यांचं प्रोफाइल सहसा त्याहून मोठंच असतं. माझा कौल फोल्डर उचलण्याला.

पेनड्राइव्ह

पेनड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फाइल सिस्टिम' काय आहे ते बघा. फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. मोठा इनबॉक्स नेमका इथे अडकतो, आणि कॉपी करताना आलेल्या सूचनेवर 'स्किप' दाबलं की बाकीचं सगळं जातं पण इनबॉक्स जात नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मिंट आणि उबंटूच्या आताच्या आवृत्त्या एक्सफॅट वाचतात, विंडोजची एनटीएफएसही वाचतात.

कॉपी झाली की मूळ फोल्डर आणि पेनड्राइव्हवरचा फोल्डर दोन्हींच्या 'प्रॉपर्टीज' उघडून फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळवा. आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. पॉपवाल्यांनी दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत घ्यावी. पेनड्राइव्ह ही तशी बेभरवशाची वस्तू, आणि तुमच्याकडे जे आहे त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवणार असाल तर लिनक्समधून विंडोजचा विभाग उघडून थेट कॉपी करता येते. विंडोज शटडाउन करताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे ती खरोखर बंद होते. नाहीतर लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोजला अर्धवटच बंद करणाऱ्या फास्ट स्टार्टअपमुळे तो विभाग नीट उघडत नाही.

लिनक्सवर

लिनक्समध्ये प्रोफाइलची जागा थंडरबर्ड कसा बसवला यावर ठरते. मिंटवर ती तुमच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या थंडरबर्ड नावाच्या फोल्डरमध्ये असते. उबंटूने २४.०४ पासून थंडरबर्ड स्नॅप या वेगळ्या पॅकेजच्या स्वरूपात द्यायला सुरुवात केली. तिथे ती 'स्नॅप' फोल्डरच्या आत खोलवर जाते. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पॅकेजची जागा आणखी तिसरीच. जुन्या लेखात वाचलेल्या जागी प्रोफाइल ठेवायचं आणि थंडरबर्ड मात्र कोराच उघडायचा, असा प्रकार यातूनच होतो. मी सुचवतो त्या पद्धतीत जागा पाठ करावी लागत नाही.

इंटरनेट बंद करा. वायफाय बंद किंवा केबल काढलेली. याचं कारण पुढे येईल.

थंडरबर्ड एकदा उघडा. तो नवं खातं जोडायला सांगेल, ते रद्द करा. 'हेल्प', 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीवर जा. इथे बटणावर 'ओपन डिरेक्टरी' असेल. फोल्डर उघडला की थंडरबर्ड बंद करा.

आता या फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच एकत्र दाबा, म्हणजे लपलेल्या फाइलीही दिसतील. आतलं सगळं निवडून काढून टाका. फोल्डर स्वतः मात्र काढू नका आणि त्याचं नावही बदलू नका. थंडरबर्डने याच नावाची नोंद केलेली आहे. मग पेनड्राइव्हवरचं जुनं प्रोफाइल उघडा, त्याच्या आतलं सगळं निवडा, कॉपी करा आणि इथे पेस्ट करा. आतलं, हा शब्द महत्त्वाचा. जुना फोल्डरच उचलून आत टाकला तर फोल्डरच्या पोटात फोल्डर होतो आणि थंडरबर्डला त्यातलं काहीच दिसत नाही. हे सगळं नेहमीच्या फाइल मॅनेजरमधून करा. टर्मिनलवर सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून कॉपी केली तर फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावावर होतात आणि थंडरबर्डला त्यांत लिहिता येत नाही.

मेल डी ड्राइव्हवर असलेल्यांनी तो वेगळा घेतलेला फोल्डर होम फोल्डरमध्ये ठेवावा, थंडरबर्ड सुरू करून त्या खात्याच्या 'लोकल डिरेक्टरी'समोरचं 'ब्राउझ' दाबून त्याची नवी जागा दाखवावी आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करावा. स्नॅप किंवा फ्लॅटपॅक असेल तर तो फोल्डर प्रोफाइलच्याच आत, 'मेल' फोल्डरमध्ये ठेवणं जास्त बरं, म्हणजे परवानग्यांची कटकट होत नाही.

नेट जोडण्याआधी तपासा

थंडरबर्ड सुरू करा. डावीकडे जुनी खाती आणि फोल्डर दिसायला हवेत. शोधाची सूची नव्याने बनत असल्यामुळे पहिला काही वेळ यंत्र जड चालेल, त्याला तेवढा वेळ द्या.

नेट बंद ठेवायचं कारण पॉप. नेट चालू असतं तर थंडरबर्डने सुरू होताक्षणी नवे मेल उतरवले असते आणि सर्व्हरवरून काढले असते. पुढे कळलं असतं की जुनं नीट आलेलंच नाही, पुन्हा कॉपी करावी लागणार, तर ते नवे मेल मधल्यामध्ये अडकले असते.

सर्वांत जुना मेल उघडा, नुसती यादी पाहून समाधान मानू नका. यादी अनुक्रमणिकेतून येते, मजकूर दुसऱ्या फाइलीतून. 'सेंट'मधला चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा मेल उघडा. अटॅचमेंट असलेला मेल काढून त्यातली पीडीएफ खरोखर उघडते का ते बघा. देवनागरी नावांचे फोल्डर असतील तर ते एकेक उघडा. ॲड्रेस बुकमधून दोन-चार नावं शोधा. 'मेसेज फिल्टर्स'मध्ये नियम आहेत ना, कॅलेंडरमध्ये मागच्या नोंदी आहेत ना, तेही बघून घ्या.

एखाद्या फोल्डरमध्ये विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असा घोळ दिसला, तर घाबरू नका. फोल्डरवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. जुनी अनुक्रमणिका टाकून नवी बनते, मेलला धक्का लागत नाही.

सगळंच कोरं दिसत असेल तर पुन्हा 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून फोल्डर उघडा. त्यात 'मेल' आणि प्रेफ्स नावाची जेएस फाइल थेट दिसायला हवी. नसेल तर बहुधा फोल्डरच्या पोटात फोल्डर झालाय, किंवा यंत्रावर दोन प्रकारचे थंडरबर्ड बसलेत आणि तुम्ही दुसराच उघडला आहे.

दोन गोष्टी मात्र प्रोफाइलबरोबर येत नाहीत. एक, मेलमधून 'डिटॅच' केलेल्या अटॅचमेंट. डिटॅच केल्यावर फाइल मेलमधून निघून डिस्कवर जाते आणि मेलमध्ये फक्त तिचा पत्ता उरतो. तो पत्ता सी ड्राइव्हचा असल्यामुळे लिनक्सवर निकामी होतो. त्या फाइली मूळ जागेवरून वेगळ्या घ्याव्या लागतात. दोन, फाइलीतून जोडलेली सही किंवा कंपनीचा लोगो. तोही नव्या जागेवरून पुन्हा जोडायचा.

मराठी मेल

युनिकोडमधलं, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतलं, मराठी लिनक्सवर स्वच्छ दिसतं. चौकटी दिसल्या तर देवनागरी फॉन्ट नाही एवढाच अर्थ. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी बसवा.

पण २००५ च्या आसपासचे मराठी मेल ज्यांनी जपलेत, त्यांना वेगळंच दिसेल. तेव्हा श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश असे फॉन्ट चालत. त्यांत अक्षर मराठी दिसायचं, पण फाइलीत साठायचं ते रोमन चिन्हांच्या रूपात. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला की पानभर निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हलवताना मेल बिघडला असं समजून असे मेल पुसू नका, मजकूर शाबूत असतो. तुमच्याकडे त्या फॉन्टचा परवाना असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या टीटीएफ फाइली आधीच काढून ठेवा आणि लिनक्सवर डबल क्लिक करून बसवा. महत्त्वाच्या पत्रांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं अधिक शहाणपणाचं. त्यासाठी फॉन्ट बदलून देणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. आजी-आजोबांची, गावाकडच्या मंडळींची, परदेशी गेलेल्या मुलांची त्या काळातली पत्रं अशा मेलांतच आहेत, त्यांच्यासाठी एक दुपार जरूर काढा.

थंडरबर्ड नसून आउटलुक असेल तर

मायक्रोसॉफ्टचा आउटलुक लिनक्सवर बसत नाही आणि मेल साठवणारी त्याची पीएसटी फाइल थंडरबर्ड थेट उघडत नाही. सोपा मार्ग विंडोजवरच आहे: डेस्कटॉपवरचा जुना आउटलुक असलेल्या त्याच यंत्रावर थंडरबर्ड बसवा, 'टूल्स'मधल्या 'इम्पोर्ट'ने आउटलुकमधले मेल आत घ्या, आणि मग वरच्या पद्धतीने प्रोफाइल लिनक्सवर न्या. विंडोज आधीच गेली असेल आणि हाती नुसती पीएसटी असेल, तर लिनक्सवर रीडपीएसटी नावाची मोफत आज्ञा आहे. ती पीएसटीमधले मेल थंडरबर्डला वाचता येतील अशा फाइलींत काढून देते.

शेवटचं काम

तपासणी पटली की जुन्या यंत्रावरचा थंडरबर्ड पुन्हा उघडायचा नाही, हे घरच्यांना किंवा कार्यालयातल्यांना सांगून ठेवा. पॉपचं एकच खातं दोन यंत्रांवर चालू राहिलं तर येणारे मेल जो आधी उघडेल त्याच्याकडे जातात आणि निम्मा पत्रव्यवहार इकडे, निम्मा तिकडे होतो. आता लिनक्सवर नेट जोडा. जीमेलसारखी खाती ब्राउझरची खिडकी उघडून पुन्हा लॉगिन मागू शकतात, ते नेहमीचंच आहे. प्रायमरी पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवणं मात्र आवश्यक, त्याच्याशिवाय साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

स्वतःला एक मेल पाठवून बघा, तो आला आणि गेला की पॉप खात्यांच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण करा. सेवा देणाऱ्याकडे जागा पुरेशी असेल आणि आयमॅप मिळत असेल, तर त्याच पत्त्याचं आयमॅप खातं नव्याने जोडा आणि जुने मेल हळूहळू त्यात ओढून टाका. पॉप खातं त्याच सेटिंगमध्ये बदलून आयमॅप होत नाही, वेगळंच जोडावं लागतं. पेनड्राइव्हवरची प्रत मात्र निदान पुढचं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून होईपर्यंत पुसू नका. जुनी बिलं आणि चलनं शोधायची वेळ तेव्हाच येते, आणि एखादा फोल्डर राहून गेला असेल तर तेही तेव्हाच लक्षात येतं.